शून्याला कितीने गुणणार?

मागच्या बैठकीत आमच्या एका दोस्ताने मोबाईल वर धरला. स्क्रीनवर निळा-तांबडा गोल. म्हणाला, "बघा, वस्तीचा सर्व्हे झाला. बहुतेकांनी लिहिलंय, पाण्याचा त्रास नाही." कुणी टाळी वाजवली नाही. बैठकीला बसलेली निम्मी माणसं पहाटे चारला नळावर उभी राहून आली होती.

तो ऑनलाइन फॉर्म मीच बनवला होता. तेव्हा या लेखातल्या शिव्या आधी मला लागू आहेत.

कोलशेत म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगतो. ठाण्याच्या खाडीकाठचं जुनं कोळी-आगऱ्यांचं गाव. बाजूला वायुसेनेचं स्टेशन. मग रंग-रसायनांचे कारखाने आले, त्यांच्या भोंग्यावर आमच्या बापांचे दिवस उगवायचे. कारखाने गेले, जमिनी विकल्या, टॉवर उभे राहिले. त्या टॉवरची भांडी घासणारी, गेटवर उभी राहणारी, चोकअप काढणारी माणसं मागच्या गल्ल्यांत राहतात. म्हणजे आम्ही.

फॉर्म व्हॉट्सअपवर सोडला. जयंतीच्या ग्रुपवर, क्रिकेटच्या ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर. धडाधड उत्तरं आली आणि आम्ही खूश. पण भरली कुणी? आमच्यासारख्याच पोरांनी. ज्यांना दुपारी वेळ आहे, फोनला रिचार्ज आहे आणि ज्यांचं पाणी आई भरते. एका बहाद्दराने गंमत म्हणून तीनदा भरला. कुणी तरी लिंक पुढे ढकलली, ती टॉवरमध्ये पोचली, तिथल्यांनीही भरली. कारण राहण्याचं ठिकाण म्हणून आम्ही नुसतं 'कोलशेत' लिहिलं होतं. कोलशेत तर त्यांचंही!

शेजारच्या मावशीला विचारलं, "मावशी, तू फॉर्म का नाही भरलास?"

"फोन ह्यांच्या खिशात असतोय रं. त्ये येत्यात रातच्याला अकराला. आन् मला वाचता आलं असतं तर तुझ्या फॉर्मसाठी बसले असते का हितं?"

काय उत्तर देणार? सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आकडा आहे. १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी इंटरनेट कधी तरी वापरलेल्या फक्त ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. ही पाहणी घरोघर जाऊन केलेली, म्हणून हे कळलं तरी. हाच प्रश्न लिंक सोडून विचारला असता, 'तुम्ही इंटरनेट वापरता का', तर शंभरच्या शंभर जण हो म्हणाले असते!

आमच्यातले काही म्हणतात, उत्तरं कमी पडली, अजून व्हायरल करू. मित्रहो, ही चूक जुनी आहे आणि मोठ्यांनी केलेली आहे. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून छातीठोक सांगितलं, लँडन जिंकणार. झालं काय? रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं मारली. साप्ताहिकाने पत्ते कुठून घेतले होते? टेलिफोनच्या डिरेक्टरीतून, मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या दिवसांत टेलिफोन आणि मोटार कुणाकडं होती? शिवाय उत्तर पाठवलं तेही ज्यांना खुमखुमी होती त्यांनी. त्याच निवडणुकीत गॅलपने कितीतरी कमी माणसं, पण गरीब-श्रीमंत सगळ्या थरांतून वेचून विचारली आणि त्याचं भाकीत बरोबर आलं.

आता आपल्याकडे या. केंद्राने २०२० साली शहरांतलं जगणं किती सुखाचं याची पाहणी केली. १११ शहरांतल्या ३२ लाखांवर नागरिकांनी मत दिलं, ऑनलाइनही आणि समोरासमोरही. एकूण गुणांत या मताला ३० टक्के वाटा. मार्च २०२१ मध्ये निकाल लागला. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत ठाणे ११ वं, कल्याण-डोंबिवली १२ वं. दिल्लीच्याही वर! मी म्हणत नाही की आकडा खोटा. मी एवढंच विचारतो, की त्या ३२ लाखांत रांगेत डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका किती? नगर कुणाचं आणि नागरिक कोण, हे निकालाच्या पहिल्या ओळीत छापलं पाहिजे.

विद्यापीठातली मंडळी म्हणतात, घाबरू नका, वजन लावता येतं. म्हणजे बायका कमी आल्या तर आलेल्या प्रत्येक बाईचं उत्तर दोनदा-तीनदा धरायचं. ठीक आहे, हे शास्त्र आहे, मी ते हसण्यावारी नेत नाही. पण आलेल्या बाया कोण? कॉलेजात जाणाऱ्या. त्यांचं वजन कितीही वाढवा, त्यातून मावशी निघत नाही. तिचं उत्तर शून्य आहे. शून्याला कितीने गुणणार?

दुसरा घोळ प्रश्नांचा. आमच्या फॉर्मवर होतं, 'शौचालयाची सुविधा उपलब्ध आहे काय?' ही भाषा कुणाची? कचेरीतल्या साहेबाची. आम्ही तीच उचलली, कारण आमच्या डोक्यात अजून तोच साहेब बसलाय. लोकांनी 'होय' दाबलं. सार्वजनिक संडास आहेच की, दाराला कडी नसली तरी. विचारायला हवं होतं, 'आज सकाळी किती वेळ उभे होता?'

जातीचा प्रश्न तर त्याहून वंगाळ. 'कामाच्या ठिकाणी जातिभेद होतो का?' मावशीला तोंडी विचारलं तर म्हणाली, "नाय बा, मालकीण चांगली हाय." मग विचारलं, चहा कशात देते? "माझा कप वेगळा हाय, खिडकीत ठेवत्यात." घ्या! २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात हे ओळखलं होतं. आधी विचारलं, घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का. जे नाही म्हणाले त्यांना पुन्हा विचारलं, मग दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, भांडी वापरली तर चालेल का? असं दोनदा विचारल्यावर देशातल्या २७ टक्के घरांनी कबुली दिली. एकदाच विचारून सोडलं असतं तर कितीतरी जण सुटले असते. मोबाईलवर अंगठा सरकवणाऱ्याला तर सुटणं अजून सोपं. समोर कुणी नसतं, आणि कंटाळा आला की सगळीकडे मधला पर्याय दाबून मोकळं होता येतं.

१९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारच्या समितीचे सभासद म्हणून अस्पृश्यांवरच्या जुलुमाची चौकशी करायला खानदेशात फिरत होते. चाळीसगावला उतरले. टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि महारवाड्यातल्याच एकाने हाकला, ज्याला हाकायची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. जुलूम मोजायला गेलेला माणूस स्वतः पुरावा झाला. हे कुठल्या रकान्यात भरणार? तो तिथे गेला म्हणून हे कळलं.

म्हणजे मोबाईल फेकून द्या असं मी म्हणत नाही. कागदाचे गठ्ठे आम्हीही वाहिलेत, पावसात भिजलेत, बेरजा चुकल्यात. मोबाईल ठेवा, पण लिंक आभाळात सोडू नका. आम्ही आता असं ठरवलंय. आधी गल्लीगल्लीतल्या घरांची यादी. प्रत्येक घराला एक नंबर, त्या नंबरावर एकदाच उत्तर. यादीतून दर पाचवं घर, मग ते आवडतं असो वा भांडणातलं. ज्याच्याकडे फोन आहे तो स्वतः भरेल, नाही त्याच्याकडे आपला फोन घेऊन जायचं. बायकांना विचारायला बायका. घर बंद असेल तर तीनदा जायचं, त्यातलं एकदा रात्री. नाव, ईमेल मागायचा नाही. आणि किती घरांनी नाही सांगितलं, किती बंद होती, तो आकडा निकालाशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात. दोस्त म्हणाला, "एवढं केलं तर उत्तरं पहिल्यापेक्षा कमी येतील." येऊ देत!

हा खटाटोप नळापुरता नाही. जनगणनेत जात मोजायचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केला आणि २०२७ च्या जनगणनेत स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोयही ठेवली. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. तरी धर्माच्या रकान्यात काय आणि जातीच्या रकान्यात काय, यावर आमच्या घराघरांत भांडणं आहेत. ज्याला पोर्टल जमत नाही तो झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराकडे जाणार. त्या पोराचा अंगठा कुठे पडेल, त्यावर आमची नोंद.

परवा मावशीला यादीच्या कामाला घेतलं. तिला वाचता येत नाही, पण कुठल्या खोलीत किती जण झोपतात, कोण रात्रपाळीला जातं, कोण भाडेकरू, कोण मालक, सगळं तोंडपाठ. रविवारी पहिली गल्ली. ती सांगणार, मी लिहिणार.