स्थलांतराच्या अभ्यासात मागे राहिलेली

पदव्युत्तर वर्गांत स्थलांतरितांच्या साहित्याचा अभ्यास होऊ लागला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु अभ्यासकांची दृष्टी गाव सोडून गेलेल्यावरच खिळलेली दिसते. तो समुद्रापार गेला असल्यास अधिकच! २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१०० हून अधिक स्त्रिया आढळल्या. गिरण्यांच्या काळापासून चालत आलेल्या चाकरमानी जीवनाची ही दुसरी बाजू. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत गावी उरलेली स्त्री भेटते, पण मुंबईतील पुरुषाच्या स्मरणातून. तिचा स्वतःचा शब्द ऐकायचा तर जात्याकडेच वळावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून ग्रामीण स्त्रियांच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांचे वाचन आपण लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेपुरते राखून ठेवले आणि स्थलांतराच्या प्रश्नपत्रिकेत कादंबऱ्या नेमल्या. ही विभागणी सोयीची खरी. वाङ्मयीन मात्र नव्हे. चाकरमान्यांच्या घरांतील ओव्या याच दृष्टीने मिळवणे एम.ए.च्या विद्यार्थ्यालाही अशक्य नाही. फक्त दिरंगाई परवडणारी नाही, कारण जात्यावर गायलेल्या स्त्रिया आता वार्धक्याला पोहोचल्या आहेत.