प्रेसवर बसण्याआधी नंबर मागा

चाकण, भोसरी, तळवडे, वाळूज, अंबड, बुटीबोरी. यांपैकी कुठल्याही एमआयडीसीत पॉवर प्रेसवर कंत्राटी काम करणाऱ्या, किंवा येत्या सोमवारपासून जॉइन होणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. पहिली हजेरी लागायच्या आत ठेकेदाराकडे आपला ईएसआयचा नंबर मागा. पगार ठरवताना जेवढ्या आग्रहाने बोलता, तेवढ्याच आग्रहाने मागा.

प्रेसचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. पत्रा डायवर ठेवायचा, स्ट्रोक मारायचा, पार्ट काढायचा, पुन्हा पत्रा. गाडीचे ब्रॅकेट, क्लॅम्प, सीटच्या पट्ट्या असे हजारो पार्ट एका शिफ्टमध्ये निघतात, म्हणजे तितक्या वेळा हात डायच्या आत जातो आणि बाहेर येतो. हात आत असताना स्ट्रोक पडू नये म्हणून दोन सोयी असतात. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही, ही एक. हात आड आला की मशीन थांबवणारा सेन्सर, ही दुसरी. जुन्या, पायाच्या पॅडलवर चालणाऱ्या पिन क्लचच्या प्रेसवर मात्र यातलं बहुधा काहीच नसतं, आणि ती प्रेस एकदा सुटली की मध्ये थांबतही नाही. जिथे सोयी आहेत तिथेही टार्गेट चुकायला लागलं की सेन्सर बायपास होतो, एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं जातं. त्यामुळे तासाला थोडे पार्ट जास्त पडतात, पण एक हात मोकळा राहतो, आणि अपघातात सापडतो तो हाच हात.

मग बोट गेलं की चौकशीत एकच वाक्य येतं: ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. हे ऐकून घेऊ नका. बारा तास उभं राहिलेल्या माणसाचं लक्ष अकराव्या तासाला क्षणभर ढळणार, हे सुपरवायझरला माहीत असतं आणि मालकालाही. माणूस क्षणभर चुकला म्हणून त्याची बोटं जात असतील, तर दोष त्या मशीनचा आणि त्या तासांचा आहे.

ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा. ही योजना १९४८ च्या कायद्याने आली. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू आहे, आणि ही मर्यादा बघताना ओव्हरटाइमचे पैसे धरत नाहीत. त्यामुळे ‘तुझा पगार ओटी धरून २१,००० च्या वर जातो, तुला ईएसआय नाही’ असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. आजारपणाच्या पैशांसाठी काही दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावर झालेल्या इजेसाठी तशी अट नाही, संरक्षण पहिल्या दिवसापासून आहे. उपचार फुकट, बरं होईपर्यंत सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम. कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड ठरवेल त्या प्रमाणात दरमहा पैसे, तेही हयातभर. एक बोट गेलेल्या पंचविशीतल्या मुलाला ही रक्कम पुढची तीस-चाळीस वर्षं मिळत राहते. असं असताना कित्येक मुलं ठेकेदाराने हातावर ठेवलेले काही हजार रुपये घेऊन, कुठल्याशा कागदावर सही करून गावी परततात.

नोंदणी ऑनलाइन होते आणि ई-पहचान कार्ड लगेच छापता येतं. ‘नंबर यायला दोन महिने लागतात’ या सबबीला काही अर्थ नाही. अनेक ठिकाणी कामगाराची नोंदणी अपघात झाल्याच्याच दिवशी, घाईघाईने केली जाते. अशी नोंदणी संशयात सापडते, आणि हेलपाटे मात्र जखमी माणसाला पडतात.

काम जाईल ही भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. गेटबाहेर तुमच्या जागेसाठी दहा जण उभे असतात. म्हणून एकट्याने मागू नका. एका खोलीत राहणारे, एकाच ठेकेदाराकडचे पाच-सहा जण मिळून मागा. ठेकेदार दाद देत नसेल तर कंपनीच्या एचआरकडे जा, कारण ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तिथेही काही झालं नाही तर ईएसआयच्या १८००-११-२५२६ या नंबरवर फोन करा. सेन्सर बायपास केलेला असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करा. नाव गुप्त ठेवा असं तक्रारीतच लिहा.

अपघात झालाच तर आधी जवळचा दवाखाना गाठा, मग ईएसआयचं रुग्णालय. पिंपरी-चिंचवडकरांसाठी ते मोहननगरला आहे, नाशिककरांसाठी सातपूरला. अपघाताची नोंद कंपनीच्या अपघात नोंदवहीत झाली का ते बरोबरच्या माणसाने बघावं. मशीनचा, सेन्सरचा आणि डायचा फोटो त्याच दिवशी काढता आला तर काढा. दुसऱ्या दिवशी गार्ड बसवलेला असतो.

ओव्हरटाइमबद्दल कायदा सरळ आहे: आठवड्याला ४८ तास, त्यावरच्या कामाला दुप्पट दर. हातात मात्र सिंगल ओटी पडतो. दुप्पट पैसे खरोखर द्यावे लागले असते तर बऱ्याच मालकांना आणखी एक शिफ्ट लावणं परवडलं असतं, आणि दुप्पट दर ठेवण्यामागे हेतूही तोच आहे. मालकांनाही माझं सांगणं आहे. जर्मनीतल्या येनामधल्या झाइस कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली कामाचे तास नऊवरून आठ केले आणि मोजमाप ठेवलं, तेव्हा आठ तासांतलं उत्पादन नऊ तासांपेक्षा थोडं जास्तच भरलं. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, ती १० जून १८९० ला मिळाली, आणि मुंबईच्या गिरण्या त्यानंतरही वाढतच राहिल्या. तुमच्याकडे बाराव्या तासाला रिजेक्शन किती निघतं, ते एक महिना वेगळं लिहून बघा.

पीएफबद्दल थोडं. सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, नवा ठेकेदार नवा यूएएन (पीएफचा नंबर) काढतो, आणि मुलं प्रत्येक ब्रेकला पीएफ काढून मोकळी होतात. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. दरवेळी सगळी रक्कम काढली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नव्या ठेकेदाराला जुनाच यूएएन द्या. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते. कापलेले पैसे जमा होत नसतील तर तेही त्यातच दिसतं.

‘ट्रेनी’ म्हणून घेतलेल्यांनी एक गोष्ट विचारावी: शिकाऊ उमेदवारीचा करार पोर्टलवर नोंदला आहे का? नसेल, आणि तुम्ही इतरांसारखंच प्रॉडक्शन काढत असाल, तर तुम्ही कामगार आहात आणि वरचं सगळं तुम्हाला लागू आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं आहे. तेही मागा.

शेवटचं सांगणं गावाकडच्या मंडळींना. बीड, नांदेड, यवतमाळहून मुलगा कंपनीत गेला की तुम्ही त्याला जेवणाचं आणि खोलीच्या भाड्याचं विचारता. पहिल्या आठवड्यात त्याचा ईएसआयचा नंबर, कंपनीचं नाव आणि ठेकेदाराचं नाव फोनवर विचारा आणि घरात लिहून ठेवा. कार्डावर कुटुंबाची आणि वारसाची नावं घातली आहेत का, तेही विचारा. लग्न न झालेल्या मुलांच्या कार्डावर आई-वडिलांची नावं बरेचदा राहून जातात. ती आत्ताच घालून घ्या. मागाहून घालायची म्हटलं की कचेरीच्या फार फेऱ्या होतात.