बंदी दोन महिन्यांची, हिशेब वर्षाचा

१ जूनला मासेमारी बंद होते आणि हर्णे, जयगड, मिरकरवाडा, साखरीनाटे इथल्या नौका किनाऱ्याला लागतात. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात जाता येत नाही. माशांच्या प्रजननाचा हा काळ, त्यात दर्या खवळलेला, म्हणून ही बंदी. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मच्छीमाराला दोन महिने सुट्टी. प्रत्यक्षात नौकेची वर्षभराची डागडुजी याच दिवसांत उरकायची असते, आणि आवक मात्र बंद असते.

कामं काय असतात? तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायच्या. त्या राहिल्या तर नौका जड चालते आणि डिझेल जास्त पितं. लाकडी नौकेच्या किडीने पोखरलेल्या फळ्या बदलायच्या, सांधे बुजवायचे. फायबरच्या नौकेला तडे गेले असतील तर ते भरून घ्यायचे. इंजिन उघडायचं, पंखा आणि शाफ्ट तपासायचा, फाटलेली जाळी सांधायची. यातली रंगाची आणि फायबरची कामं ओल्यात होत नाहीत. म्हणजे ती एकतर नौका शाकारण्याआधी मे महिन्यात करायची, नाहीतर पावसाने उघडीप दिली की. पैसा त्या वेळी हातात नसेल तर काम पुढच्या वर्षावर जातं.

खरी अडचण इथेच आहे. मे-जूनमध्ये पैसे नसले की मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते. मग हंगामात मासळी त्यालाच घालायची आणि भावही तोच ठरवणार. उचल नको म्हणून कुणी इंजिनाचं काम टाळलं, तर ऑगस्टच्या वाऱ्यात इंजिन बंद पडायचा धोका. तेव्हा प्रश्न मालकाच्या पैशाचा राहत नाही, नौकेवरच्या खलाशांच्या जिवाचा होतो.

राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज, कर्ज, विमा मिळेल असं सांगितलं गेलं. निर्णय चांगलाच आहे. पण शेतकऱ्याच्या आणि मच्छीमाराच्या किसान क्रेडिट कार्डात एक फरक आहे, तो समजून घ्यायला हवा. पीककर्जाच्या कार्डाची मर्यादा ठरवताना शेतीची अवजारं आणि इतर मालमत्तेच्या दुरुस्ती-देखभालीसाठी २० टक्के रक्कम वेगळी धरली जाते. समुद्रातल्या मासेमारीसाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये जी सूचना काढली, तिच्यात इंधन, बर्फ, मजुरी, बंदरात नौका लावण्याचं शुल्क यांची नावं आहेत आणि पुढे 'इत्यादी' आहे. नौकेच्या दुरुस्तीचं नाव नाही. बँकेचा अधिकारी 'इत्यादी'वर पैसे देईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

यावर उपाय जिल्ह्यातच आहे. कोणत्या नौकेला किती खेळतं भांडवल द्यायचं, याचा दर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. मच्छीमार सोसायट्यांनी ठराव करून, गेल्या दोन-तीन वर्षांच्या दुरुस्तीच्या पावत्या जोडून, हा खर्च दरात धरावा अशी मागणी समितीकडे केली तर तिला वजन येईल. त्यासाठी सुतार, मेस्त्री, रंगवाला यांच्याकडून साधी का होईना, पण पावती घेण्याची सवय लावावी लागेल. आज बहुतेक व्यवहार तोंडी होतो आणि बँकेला तोंडी हिशेब चालत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. खरिपाचं पीककर्ज पेरणीच्या आधी हातात पडलं तरच कामाचं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. नौकेचंही तेच. कर्जाचा अर्ज मार्चमध्ये गेला पाहिजे आणि पैसे मेमध्ये आले पाहिजेत. नारळी पौर्णिमेला मंजूर झालेलं कर्ज डिझेलला उपयोगी पडेल, पण फळी कुजलेली ती कुजलेलीच राहील.