नखाएवढी खुर्ची

जपानी नौदलाच्या ‘झिरो’चं प्लास्टिकचं मॉडेल जोडणाऱ्यांत रंगावरून मोठा वाद आहे. १९४१ साली पर्ल हार्बरवर गेलेल्या विमानांचा राखाडी नेमका किती पिवळट, किती हिरवट? माणसं वर्षानुवर्षं भांडतात. मला वाटतं, रंग चुकला तरी चालेल, खुर्ची चुकवू नये.

१:७२ प्रमाणात बारा मीटरचे पंख जेमतेम सतरा सेंटिमीटर उरतात. खुर्ची नखाएवढी. मूळ खुर्चीच्या पत्र्याला भोकं होती, वजन वाचवायला पाडलेली. होरिकोशी या अभियंत्याकडे नौदलाने लांब पल्लाही मागितला आणि चपळाईही, इंजिन मात्र हजार अश्वशक्तीच्या आतबाहेरचं. मग काटछाट झाली ती माणसाच्या वाट्याची. सुरुवातीच्या झिरोत वैमानिकाच्या पाठीमागे चिलखती पत्रा नव्हता, गोळीचं भोक आपोआप बुजवणारी टाकी नव्हती. विमान एवढं डौलदार आहे ते त्यामुळेही. आणि चटकन पेट घ्यायचं तेही त्यामुळेच. १९४४च्या ऑक्टोबरपासून तर याच विमानाला अडीचशे किलोचा बॉम्ब बांधून वैमानिकासकट जहाजांवर धाडू लागले.

ती भोकं मी सुईने पाडतो, संध्याकाळ जाते. वर वैमानिकही बसवतो. त्याने आतली कारागिरी झाकली जाते, असं जाणकार म्हणतात. जाऊ दे झाकली! रिकामं विमान कपाटात होतं तेव्हा घरी येणारी मुलं त्याचा वेग विचारायची. आता आधी विचारतात, आत कोण बसलंय?