त्वचेखालची शिदोरी

गेल्या महिन्यांतील पत्रांत एका भगिनीचें पत्र आहे. त्यांच्या सासऱ्यांच्या छातींत पेसमेकर बसविलेला आहे. धाकट्या दिरांनीं घरांत इंडक्शनची शेगडी आणली, तेव्हां सासूबाईंनीं ती तशीच माळ्यावर ठेवावयास लावली. "ही सुरू केली आणि ह्यांचें यंत्र थांबलें तर?" असें त्यांचें म्हणणें. दीर म्हणतात, ही निव्वळ अडाणी समजूत. खरें काय, असा त्या भगिनींचा प्रश्न आहे. प्रश्न शेगडीचा दिसतो खरा. परंतु कातडीखालीं ठेवलेल्या यंत्रास वीज मिळते तरी कोठून, हें समजल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

घरांतील दिव्यास तार जोडली कीं काम झालें. जिवंत कातडीस भोंक पाडून तार आंतबाहेर ठेवली, तर मात्र त्याच वाटेनें रोगजंतु आंत शिरतात. हृदयास बाहेरच्या यंत्रांतून वीज देण्याचे आरंभींचे प्रयोग झाले, त्यांत हीच अडचण होती. मग दोनच मार्ग उरतात. प्रवासास निघणाऱ्यानें एक तर शिदोरी बरोबर बांधून घ्यावी, नाहीं तर वाटेंत कोणी पान वाढील अशी तजवीज करावी.

पहिला प्रयत्न झाला तो दुसऱ्या मार्गाचा. स्वीडनमधील आर्ने लार्सन ह्या ४३ वर्षांच्या गृहस्थांचें हृदय मधूनमधून थबके व दिवसांतून कितीदां तरी त्यांची शुद्ध हरपे. त्यांच्या पत्नीनें शस्त्रवैद्य ओके सेनिंग व यंत्रज्ञ रूने एल्मक्विस्ट ह्यांच्यापाशीं अक्षरशः धरणें धरलें. अखेर ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोमजवळील कॅरोलिन्स्का रुग्णालयांत सबंध पेसमेकर शरीराच्या आंत बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया झाली. एल्मक्विस्ट ह्यांनीं यंत्रावर राळेसारखें रसायन ओतून तें घट्ट केलें होतें, आणि त्यासाठीं सांचा म्हणून बुटाच्या पॉलिशची डबी वापरली होती! आंत निकेल-कॅडमियमच्या दोन बॅटऱ्या होत्या. कातडीवर तारेचें वेटोळें धरावयाचें, त्यांतून उलटसुलट वाहणारी वीज सोडावयाची, म्हणजे आंतल्या वेटोळ्यांत आपोआप वीज उत्पन्न होऊन बॅटऱ्या भरत. तें यंत्र कांहीं तासांतच बंद पडलें; दुसरेंही फार दिवस चाललें नाहीं. परंतु लार्सन तरले. पुढें वीसहून अधिक यंत्रें एकामागून एक वापरून ते २००१ सालीं, ८६ व्या वर्षीं वारले, तेंही हृदयविकारानें नव्हे.

अमेरिकेंत विल्सन ग्रेटबॅच ह्यांनीं शिदोरीचा मार्ग धरला. १९६० सालच्या त्यांच्या यंत्रांत पाऱ्याच्या बॅटऱ्या होत्या. त्या जेमतेम दोनएक वर्षें पुरत. शिवाय त्यांतून वायु निघत असल्यामुळें डबी पुरती बंद करतां येत नसे, व शरीरांतील ओलावा आंत झिरपे. १९७२ पासून लिथियम व आयोडीन ह्यांची बॅटरी वापरांत आली. तिच्यांतून वायु निघत नाहीं. म्हणून टायटॅनियम धातूची डबी चोहों बाजूंनीं सांधून टाकतां आली, आणि यंत्रें साधारणपणें आठ-दहा वर्षें चालूं लागलीं. ही बॅटरी एकाएकीं दगा देत नाहीं; तिची शक्ति हळूहळू उतरते व डॉक्टरांस तपासणींत तें आधींच कळतें. नेमलेल्या तारखेस तपासणीस जाणें इतकें महत्त्वाचें आहे तें ह्याचमुळें.

म्हणून पान वाढण्याचा मार्ग निकामी ठरला असें मात्र नाहीं. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कानामागें कातडीखालीं जें यंत्र बसवितात, त्यांत बहुधा बॅटरी नसतेच; बाहेर लोहचुंबकानें चिकटलेल्या चकतींतून आवाजाचा संदेश व वीज दोन्ही आंत जातात. मेंदूस किंवा मज्जारज्जूस वीज देणारीं कांहीं यंत्रेंही अशींच बाहेरून भरावीं लागतात. येथें धोका आहे तो उष्णतेचा. बदलत्या चुंबकीय क्षेत्रांत धातूची डबी आली कीं ती तापते. यास्तव शरीरांतील यंत्राचा पृष्ठभाग शरीराच्या स्वाभाविक उष्णतेपेक्षां २ अंश सेल्सियसहून अधिक तापूं नये, असा सर्वसाधारण दंडक आंतरराष्ट्रीय मानकांत घालून दिलेला आहे.

आतां शेगडीकडे वळूं. ज्या तत्त्वानें लार्सन ह्यांच्या बॅटऱ्या भरल्या, त्याच तत्त्वानें इंडक्शनवरचें पातेलें तापतें. तेव्हां सासूबाईंची शंका अडाणी खास नव्हे. मात्र तिची मर्यादा ओळखली पाहिजे. चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्यानें क्षीण होतें. पेसमेकर असलेल्या मनुष्यानें चालू इंडक्शनपासून सुमारें २ फूट दूर राहावें, असा सल्ला सामान्यतः देतात. मामंजी माजघरांत बसले असतां स्वयंपाकघरांत शेगडी खुशाल चालूं द्यावी. त्यांनीं स्वतः तिच्यावर ओणवून चहा करूं नये, इतकेंच. मोबाइल फोन यंत्रापासून ६ इंच तरी दूर असावा. अर्थात् तो त्या बाजूच्या खिशांत ठेवूं नये व विरुद्ध बाजूच्या कानास लावावा. शेवटचा शब्द अर्थातच त्यांच्या डॉक्टरांचा.

आणखी एक गोष्ट अप्रिय असली तरी सांगितलीच पाहिजे. आपल्यांत दहनाचा संस्कार आहे. तीच घट्ट सांधलेली डबी, जिच्या बळावर यंत्र वर्षानुवर्षें निर्धोक चाललें, चितेच्या किंवा विद्युद्दाहिनीच्या उष्णतेनें फुटते. इंग्लंडमध्यें १९७६ सालीं असा स्फोट झाल्याची नोंद आहे. भट्टीची हानि तर होतेच, पण जवळ उभ्या असलेल्या माणसासही इजा होऊं शकते. यासाठीं दहनापूर्वीं डॉक्टरांकडून यंत्र काढून घ्यावें. काम लहानशा छेदाचें असतें. हृदयास झटका देणारें यंत्र असेल, तर तें आधीं बंद करवावें लागतें, नाहीं तर काढणाऱ्यासच झटका बसावयाचा. ह्यांत मृताची विटंबना होते असें कोणीं मानूं नये. तो खांदेकऱ्यांविषयींचा आपला धर्मच आहे.

परंतु त्या घटकेस घरांत हें कोणाच्या ध्यानांत असतें? यंत्र बसवितेवेळीं जो मुलगा रुग्णालयांत होता तो परगांवीं असतो, आणि घरीं असलेल्यांस यंत्राची जातही ठाऊक नसते. म्हणून रुग्णालयानें दिलेलें ओळखपत्र कपाटांतील दागिन्यांबरोबर कुलपांत घालूं नये. तें स्वतः आजोबांच्या पाकिटांत असावें, त्याची एक नक्कल घरांतील कागदपत्रांत असावी, आणि तिची जागा घरच्या सुनांस व जाणत्या नातवंडांसही माहीत असावी. एके दिवशीं सायंकाळीं सर्व मंडळी एकत्र बसलीं असतां आजोबांनींच हें सांगितलें, तर तें ऐकावयास कोणास जड जाणार नाहीं.

शेगडी माळ्यावरून खालीं काढण्यास हरकत नाहीं. सासूबाईंना मात्र, त्यांची शंका रास्त होती, हें आधीं सांगावें.