जोकचा सातबारा

तुमच्या ऑफिसात असा एक जोक नक्की असणार, जो नव्याने जॉइन झालेल्या पोराला अजिबात कळत नाही. कुणीतरी लंचला एकच शब्द टाकतो, अख्खं टेबल खो खो हसतं आणि ते बिचारं पोळी-भाजीकडे बघत उगाच स्माइल देत बसतं. बरोबर ना?

मी कामासाठी महिन्यातून दोनदा तरी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठते. डब्यात पासवाल्यांचा एक ग्रुप असतो. इगतपुरी आली की त्यातले एक काका दुसऱ्यांना विचारतात, "काय अण्णा, उतरताय ना?" झालं! हशाच हशा. या अण्णा प्रकरणात कधीकाळी नेमकं काय घडलं होतं, हे मला आजपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही. पण तिसऱ्या खेपेला मीही हसले, आणि त्या दिवशी मला चक्क सरकून खिडकीची जागा मिळाली.

यालाच टीव्हीवाले रनिंग गॅग म्हणतात. तोच जोक, परत परत, दरवेळी जरासा बदलून. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात काहीच नसतं. तो कळायला आधीपासून तिथे असावं लागतं, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

या प्रकाराचं माहेरघर बघायचं तर 'हूज लाइन इज इट एनीवे?' बघा. बीबीसी रेडिओवर १९८८ मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी चॅनल फोरवर आला, १९९८ पासून अमेरिकेत एबीसीवर गाजला. मी तो यूट्यूबवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघितलाय (दुसऱ्या दिवशीच्या डेडलाइनचं काय झालं ते विचारू नका). चार कलाकार, स्क्रिप्ट नाही, सिच्युएशन तिथल्या तिथे मिळणार, बस्स. होस्ट ड्र्यू कॅरी हवे तसे पॉइंट वाटणार आणि या पॉइंटना काडीची किंमत नाही हेही दर एपिसोडला स्वतःच सांगणार. मग कॉलिन मॉक्रीचं टक्कल आहे, रायन स्टाइल्सचे चित्रविचित्र बूट आहेत, खुद्द ड्र्यूचं वजन आहे. वर्षानुवर्षं तेच. तरी बोअर होत नाही!

का होत नाही? विचार करा, स्क्रिप्ट नसलेल्या नटाच्या हातात असतं तरी काय? दहा मिनिटांपूर्वी जे घडलं तेवढंच. कीथ जॉनस्टन नावाचा इम्प्रोव्हचा एक मोठा गुरू होऊन गेला, २०२३ मध्ये वारला. 'इम्प्रो' या १९७९ च्या त्याच्या पुस्तकातला फंडा साधारण असा, की पुढे काय सुचेल याची चिंता करू नका, मागे काय टाकून आलात ते बघा आणि तेच उचलून परत आणा. रायन आणि कॉलिन दोघंही व्हँकुव्हरच्या ज्या थिएटरस्पोर्ट्स मंडळींमधून वर आले, ती थिएटरस्पोर्ट्सची आयडिया जॉनस्टनचीच. पहिल्या राउंडला कुणाची तरी जीभ घसरते. चौथ्या राउंडला भलताच माणूस भलत्याच सीनमध्ये तो घसरलेला शब्द परत आणतो, आणि पब्लिक वेडं होतं. कारण हे कुणी आधी लिहून ठेवलेलं नाही, याचा तो ढळढळीत पुरावा असतो.

पण हे सगळं फॉरेनहून आलं असं समजू नका, बॉस. आपल्या तमाशातली गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवून दाण मागणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि गवळणींची पुढारी मावशी, म्हणजे साडी नेसलेला बाप्या! ठरलेलं एवढंच. पुढची टोलवाटोलवी त्या रात्री, त्या गावात, समोर कोण पाटील फेटा बांधून बसलाय ते बघून. बतावणीत तेच, जुन्या वगांतही बरंचसं तेच. गोष्टीचा सांगाडा डोक्यात, संवाद तोंडावर. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'चे १९६५ पासून दीड हजारांवर प्रयोग झाले. दादा कोंडके त्यात हवालदार व्हायचे आणि त्या-त्या दिवसांतल्या घडामोडी प्रयोगात घुसडायचे. लोक तेच नाटक परत बघायला जायचे ते काय उगाच?

आता आपल्या टीव्हीकडे या. झी मराठीवर २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' आलं, सोनी मराठीवर २०१८ मध्ये 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. खरं सांगायचं तर हे प्युअर इम्प्रोव्ह नव्हे. स्किट लिहिलेलं असतं, तालीम झालेली असते. पण नाटकवाले ज्याला 'ॲडिशन' म्हणतात, ती ऐनवेळी तोंडातून निघालेली लाइन, तिच्यात हे शो खरे जिवंत होतात. समोरचा नट हसू दाबताना ओठ चावतोय हे कॅमेऱ्यात दिसतं, आणि आपण स्किटपेक्षा त्याच्या ओठांकडेच बघत बसतो. जी ॲडिशन जमली ती पुढच्या आठवड्यात परत येते. महिन्याभरात ती लहान पोरांच्या तोंडी असते.

आणि इथेच मला एक प्रश्न पडतो. हा जोक नेमका कुणाच्या नावावर आहे? सातबारा कुणाचा?

गौरव मोरेचा सरळ आहे. पवईचा फिल्टरपाडा ही त्याची वस्ती. तो स्वतःच 'फिल्टरपाड्याचा बच्चन' होऊन आला, म्हणजे उतारा त्याच्या नावावर. कॉलिनचंही तसंच, टक्कल त्याचं आणि त्यावर बोलायची संधी तोही सोडत नाही. पण भाऊ कदमच्या रंगावरचे जोक? वर्षानुवर्षं चालले. भाऊ इतका भारी नट की तो ते झेलायचा आणि वर दोन रन काढून परतायचा. म्हणून आपण हसलो. पण त्याच्याकडे माइक होता, टायमिंग होतं आणि पुढची लाइन त्याची होती. तेच जोक आपण टीव्हीवरून उचलून क्लासमध्ये, कट्ट्यावर, ऑफिसात नेले. तिथे समोरच्या सावळ्या मुलीकडे यातलं काहीच नव्हतं.

माझा एक मित्र आहे. नाशिकमधल्याच एका ऑफिसात होता. बोलताना थोडा अडखळतो, विशेषतः फोनवर. एकदा क्लायंटबरोबरच्या कॉलवर तो एका शब्दावर अडकला आणि कॉल म्यूट करून कुणीतरी हळूच म्हणालं, "लोडिंग..." टायमिंग परफेक्ट होतं. सगळे हसले, तोही हसला. त्या दिवसापासून तो 'लोडिंग'. वाढदिवसाच्या केकवर क्रीमने ते गोल फिरणारं चिन्ह काढून आणलं होतं. टीममध्ये दुष्ट कुणीच नव्हतं हो, प्रेमानेच चाललं होतं सगळं. दोन वर्षं चाललं. तो हळूहळू मीटिंगमध्ये बोलायचा बंद झाला, जे असेल ते मेलवर. त्याने तयार केलेली प्रेझेंटेशन्स ज्युनिअर मुलगा द्यायला लागला. मग अप्रेझल आलं, त्यात शेरा, 'मीटिंगमध्ये पुढाकार घेत नाही.' पगारवाढ त्याच मापाने.

गंगापूर रोडला चहा पिताना तो मला म्हणाला, "जोक वाईट नव्हता गं. पण त्यात माझी लाइन कुठे होती?"

इम्प्रोव्हवाल्यांचा एक जुना नियम आहे, समोरच्याला भारी दिसू दे. हा काही संतपणा नाही, सरळ धंद्याचा हिशोब आहे. जोडीदार गप्प झाला की सीन तिथेच मेला, मग एकटे काय करणार? गॅगमुळे समोरचा जास्त बोलायला लागला तर तो चालू ठेवायचा. गप्प होत चालला तर टाकून द्यायचा, कितीही हशा येत असला तरी. स्टेजवर हे तीस सेकंदांत कळतं. मित्राच्या ऑफिसात दोन वर्षांतही कुणाला कळलं नाही. कळलं असेल तर बोललं नाही.

वनिता खरातचं उदाहरण मला जास्त अवघड वाटतं. हास्यजत्रेत तिच्या अंगावरून जोक होतच होते. २०२१ च्या जानेवारीत तिने एका कॅलेंडरसाठी तेजस नेरूरकरच्या कॅमेऱ्यासमोर न्यूड फोटो दिला, विषय बॉडी पॉझिटिव्हिटी. केवढी चर्चा झाली तेव्हा! त्यामुळे आधीचे-नंतरचे सगळे जोक माफ, असं मी म्हणणार नाही. पण त्या फोटोनंतर तिला स्टेजवर बघताना निदान मला तरी असं वाटायचं की हिने आपल्या शरीराबद्दल जे म्हणायचं ते एकदा स्वतः, मोठ्याने म्हणून ठेवलंय. आता लेखकांनी लिहा काय लिहायचं ते. काही जोक त्यानंतरही मला नाही आवडले. काहींवर मी जोरात हसले. दोन्ही खरं.

बाकी, जोकचा मालक कोण हे तो शो सोडून गेल्यावर लगेच कळतं. ओंकार भोजने २०२२ मध्ये हास्यजत्रेतून बाहेर पडला. त्याचं ते 'अगं अगं आई' तिथे मागे राहिलं असतं तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडात शोभलं नसतं. गौरव मोरे २०२४ मध्ये गेला, आधी हिंदीत 'मॅडनेस मचाएंगे', मग २०२५ मध्ये 'चला हवा येऊ द्या'च्या नव्या पर्वात. चॅनल वेगळं, सेट वेगळा, समोर बसणारी मंडळी वेगळी. आणि फिल्टरपाडा? तो निघाला की त्याच्या मागोमाग, बॅगेबरोबर.