भुयारी रेल्वेचे ऋण आणि सोनगीरची जमीन

८ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या अखेरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरांचा मार्ग पूर्ण झाला. त्यावरील २७ स्थानकांपैकी २६ भूगर्भात आहेत. खर्च ३७,२७० कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे अकराशे कोटी. आणि त्याचा मोठा भाग जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेने दिलेल्या कर्जातून उभा राहिला आहे. मुंबईच्या या सुखाचा आम्हांस हेवा नाही. लोकलच्या दारात लोंबकळत कामावर जाणाऱ्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेली मुलेही आहेतच. परंतु जपानकडून पैसा घेताना, तो देश आपल्या शहरांतील भुयारी रेल्वेसाठी पैसा कोठून आणी, हेही विचारून घेतले असते तर बरे झाले असते.

या संदर्भात ओसाका शहराचा इतिहास आमच्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावा. १९२३ ते १९३५ या काळात हाजिमे सेकी हे तेथील महापौर होते. ते मूळचे प्राध्यापक, अर्थशास्त्राचे. (वर्ग सोडून नगरकारभारात शिरलेल्या माणसाविषयी आम्हांस थोडा अधिक जिव्हाळा वाटतो, हे कबूल केले पाहिजे.) जेमतेम सहा मीटर रुंदीचा एक रस्ता चव्वेचाळीस मीटर रुंद करून त्याच्या पोटातून रेल्वे नेण्याचे त्यांनी ठरविले, तेव्हा गावाच्या मध्यभागी विमानतळ बांधावयाचा आहे काय, अशी त्यांची थट्टा झाल्याचे सांगतात. २० मे १९३३ रोजी ती रेल्वे सुरू झाली. आरंभी तिच्यावर एकेकच डबा धावत असे. फलाट मात्र लांबलचक गाडी सामावून घेतील असे बांधलेले होते. आज त्याच मार्गावर दहा डब्यांच्या गाड्या धावतात.

त्या दूरदृष्टीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांची हिशेबाची रीत. रस्ता आणि रेल्वे यांमुळे ज्यांच्या जमिनींना मोल चढणार, त्यांनी त्या खर्चाचा काही भाग सोसावा, असे ओसाका नगरपालिकेने ठरविले आणि लगतच्या मालकांकडून तशी वर्गणी वसूल केली. मालक अर्थातच कुरकुरले. परंतु युक्तिवाद बिनतोड होता: जमिनीच्या मालकाने काहीच केलेले नाही, नगराने खणले, नगराने कर्ज काढले, आणि भाव वाढला तो मात्र मालकाच्या सातबाऱ्यावर!

ही कल्पना परदेशी म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही. जपानचा नगररचना कायदा १९१९ चा. मुंबई इलाख्याचा त्याहून चार वर्षे आधीचा, १९१५ चा आहे. नगररचना योजनेमुळे जमिनीच्या किमतीत पडणाऱ्या भरीचा काही अंश मालकाकडून घेण्याची तरतूद त्या कायद्यातही होती, आणि १९६६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ती पुढे चालविली. शस्त्र घरात आहे, परंतु ते म्यानातच गंजत पडले आहे.

त्याऐवजी राज्याने काय केले? १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत मालमत्तेच्या खरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो अधिभार बसविला. वरवर पाहता हा ओसाकाचाच मार्ग वाटेल. तो तसा नाही. स्थानकापासून कोसभर दूर, आयुष्याची पुंजी घालून दोन खोल्या घेणारा कारकून हा अधिभार भरतो. स्थानकाच्या तोंडाशी ज्याची जुनी इमारत उभी आहे, त्याने ती विकली नाही तर त्यास एक पैही द्यावी लागत नाही. त्याचे भाडे मात्र वाढत राहते. राहिलेला भार सरकारी तिजोरीवर. मुंबईच्या मेट्रो कंपनीत केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी भागी आहे. आणि राज्याच्या तिजोरीत सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवरील कराचेही पैसे पडत असतात. ज्या तांबटाच्या गावास आजवर रेल्वे लाभली नाही, तोही कफ परेडच्या भुयारास हातभार लावीत आहे!

आता आमच्या दाराशी येऊ. कित्येक दशकांच्या मागणीनंतर २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या लोहमार्गास मान्यता दिली. अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ५८ कोटी. भुयार आणि उघडा रूळ यांची तुलना न्याय्य नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही मुंबईतील साडेतेहतीस किलोमीटरांच्या निम्म्या पैशात दोन राज्ये जोडली जातात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धुळ्याहून नरडाण्याकडे जाणारा रूळ सोनगीरच्या परिसरातून जाणार. सोनगीर धुळ्याच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे जुने ठाणे. किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले. ज्याच्या शेतातून रूळ जाईल त्यास मोबदला मिळेल आणि त्याचा संबंध तेथेच संपेल. रुळाच्या आणि स्थानकाच्या कडेची जमीन ज्याच्या हाती असेल, त्याचा संबंध तेथून सुरू होईल. अभियंत्याच्या आधी दलाल पोहोचतो, हा अनुभव सर्वत्रचा आहे. कोरडवाहू शेत आज मातीमोलाने देऊन बसलेला शेतकरी पाच वर्षांनी त्याच बांधावर उभा राहून बंगल्यांचे भूखंड मोजताना दिसेल, आणि गावाच्या तिजोरीत मात्र गटार बांधण्यापुरतेही पैसे नसतील.

हे टाळता येण्याजोगे आहे, परंतु त्यास फार अवकाश उरलेला नाही. रूळ पडल्यावर आकारणी करू म्हणणे व्यर्थ. तोवर जमिनीचे तीन हात बदललेले असतात. धुळे शहर १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज यांनी आखून वसविले, म्हणून त्याचे रस्ते आजही सरळ आहेत. वस्ती होण्याआधी रेघ मारण्याचे मोल या जिल्ह्यास निराळे सांगावयास नको. स्थानकांच्या जागा निश्चित होताच त्यांच्या भोवतीच्या जमिनींसाठी नगररचना योजना जाहीर व्हावी. त्या दिवसाचा जमिनीचा भाव सरकारदफ्तरी नोंदला जावा. पुढे जी वाढ होईल तिचा ठरावीक अंश ग्रामपंचायतीकडे अथवा नगरपालिकेकडे यावा, आणि त्यातून पाणी, गटारे व स्थानकापर्यंतचे रस्ते व्हावेत. मूळ शेतकऱ्यास केवळ रोख रक्कम देऊन वाटेस न लावता योजनेतील एक भूखंड मिळावा. धुळे जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय येत्या अधिवेशनात उपस्थित करावा, आणि सोनगीरच्या ग्रामसभेने त्याआधी आपला ठराव करून त्यांच्या हाती द्यावा.